कात्रीला पुरून उरलेला यू

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात सायरनसेस्टर नावाचे गाव आहे. गावाच्या ऐन वस्तीला खेटून बॅथर्स्ट या सरदार घराण्याचा वाडा उभा आहे, आणि वाडा व गाव यांच्यामध्ये एक हिरवी भिंत आहे. तिची उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेली ही भिंत यू नावाच्या सदाहरित झाडांची आहे. जगातील सर्वांत उंच यू कुंपण म्हणून तिचा लौकिक आहे. दरवर्षी उन्हाळा सरत आला की माळी यांत्रिक पाळण्यात उभे राहून तिची छाटणी करतात. हे काम सुमारे दोन आठवडे चालते आणि जवळजवळ एक टन पाला निघतो. तो पाला कर्करोगावरील औषधाचा कच्चा माल म्हणून विकला जातो.

उत्तम कुंपण, शतकानुशतकांचे आयुष्य आणि प्राण वाचवणारे औषध या तीन गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात. पण यू वृक्षात त्यांना जोडणारा एकच गुण आहे. हे झाड कितीही छाटले तरी पुन्हा फुटते. माणसाने या झाडाचा दोन प्रकारे उपयोग केला. कधी ते मुळापासून तोडले, तर कधी नुसते कातरले. जिथे तोडले तिथे ते विरळ होत गेले आणि जिथे कातरले तिथे तीनशे वर्षे टिकले. यूचा सगळा इतिहास या दोन पद्धतींचा इतिहास आहे.

झाडाची ओळख

यू हा सूचिपर्णी वृक्ष. युरोपातील जातीचे शास्त्रीय नाव टॅक्सस बकाटा. ब्रिटनपासून इराणच्या उत्तर भागापर्यंत आणि वायव्य आफ्रिकेच्या डोंगरांत तो नैसर्गिकरीत्या वाढतो. पाने चपटी, अरुंद, दोन ते चार सेंटिमीटर लांब, वरून गर्द हिरवी आणि खालून फिकट असतात. पाइन किंवा देवदारासारखे लाकडी शंकू याला येत नाहीत. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी झाडावर शरद ऋतूत एकेक बी धरते आणि त्या बीभोवती लालचुटूक, रसाळ कवच तयार होते. हे कवच पेल्याच्या आकाराचे असते आणि टोकाशी उघडे राहते. पक्षी ते आवडीने खातात आणि बी न चावता दूरवर टाकतात.

यूची वाढ संथ असते आणि आयुष्य फार मोठे. स्कॉटलंडमधील पर्थशर भागात फॉर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारात एक यू आहे. १७६९ मध्ये त्याच्या खोडाचा घेर मोजला तेव्हा तो ५२ फूट, म्हणजे जवळजवळ १६ मीटर भरला. आज ते खोड अनेक तुकड्यांत विभागले आहे आणि मधला गाभा कधीच नाहीसा झाला आहे. त्यामुळे वर्तुळे मोजून वय सांगता येत नाही, पण साधारण दोन ते तीन हजार वर्षे असा अंदाज केला जातो. हे झाड नर म्हणून नोंदलेले होते. २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीवर लाल फळे दिसली, म्हणजे तेवढ्या भागाने आपले लिंग बदलले होते. इतक्या म्हाताऱ्या झाडात असा बदल घडावा, ही वनस्पतिशास्त्रज्ञांनाही अचंब्यात टाकणारी गोष्ट होती.

खोड आतून पोकळ होणे हे यूच्या बाबतीत मरणाचे लक्षण नाही. बाहेरची जिवंत साल नवे लाकूड बांधत राहते, जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात, आणि जुन्या खोडाभोवती नवी खोडे उभी राहतात.

जुन्या लाकडाचे डोळे

कुंपणासाठी यूला एवढा मान का, याचे उत्तर त्याच्या सालीखाली दडलेले आहे. बहुतेक सूचिपर्णी झाडांची हिरवी पालवी फक्त फांद्यांच्या टोकांकडे असते. मागच्या उघड्या, तपकिरी लाकडापर्यंत कात्री गेली की तिथून पुन्हा फुटवा येत नाही आणि कुंपणाला कायमचे भगदाड पडते. यूचे तसे नाही. त्याच्या जुन्या फांद्यांवर आणि थेट खोडावरही सुप्त डोळे असतात. वरची पालवी काढली आणि उजेड आत पोहोचला की हे डोळे जागे होतात. पन्नास-शंभर वर्षांच्या यूला एका बाजूने खोडापर्यंत छाटले, तरी काही वर्षांत ती बाजू पुन्हा हिरवी होते.

दुसरा गुण सावली सोसण्याचा. दाट कुंपणात आतल्या आणि खालच्या पानांना ऊन कमी मिळते. अनेक झाडे अशा ठिकाणची पाने गाळून टाकतात, आणि मग कुंपण खालून उघडे पडते. यू कमी उजेडातही पाने टिकवतो. तिसरा गुण बारीक पानांचा. छाटल्यावर अर्धवट कापलेली मोठी पाने दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि कडा धारदार निघतात. या तिन्ही गुणांमुळे यूच्या कुंपणाला भिंतीची घनता आणि शिल्पाची रेषा एकाच वेळी साधते.

धनुष्यासाठी तोड

मात्र शतकानुशतके माणसाला या झाडाचे लाकूडच हवे होते. इंग्लंडमधील क्लॅक्टन येथे १९११ मध्ये सापडलेले भाल्याचे टोक यूचे आहे आणि ते सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे मानले जाते. लाकडाची एवढी जुनी घडीव वस्तू जगात क्वचितच सापडली आहे. १९९१ मध्ये आल्प्सच्या हिमनदीत सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाजवळचे अर्धवट घडवलेले धनुष्यही यूचेच होते.

यूचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतले तांबूस लाकूड दाब सोसते. दोन्ही थर असलेली एकच काठी तासली की धनुष्य तयार. इंग्रजांची प्रसिद्ध लांब धनुष्ये अशीच बनत. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेचे अवशेष तपासताना अशी शंभरावर धनुष्ये मिळाली. मागणी इतकी होती की, इंग्लंडच्या बंदरात येणाऱ्या जहाजांनी प्रत्येक टन मालामागे चार धनुष्यकाठ्या आणल्याच पाहिजेत, असा कायदा १४७२ मध्ये करावा लागला. या काठ्या मुख्यतः मध्य युरोपातील डोंगरांतून येत. यू वाढायला शतक लागते आणि तोडायला एक दुपार पुरते, त्यामुळे तिथली यूची राने विरळ झाली. पुढे बंदुका आल्या आणि धनुष्याची गरज संपली, तेव्हाच या झाडाला उसंत मिळाली.

बागेतील भूमिती

नेमक्या त्याच सुमारास यू बागेत आला. जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने १६६४ मध्ये ‘सिल्व्हा’ हा वृक्षांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंपणासाठी यू वापरण्याची रीत आपण रूढ केली, असा त्याचा दावा होता. त्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स आणि हॉलंडच्या धर्तीवर रेखीव बागा घडू लागल्या. झाडे कातरून गोल, शंकू, मनोरे, पक्षी असे आकार देण्याच्या कलेला टोपिअरी म्हणतात, आणि तिच्यासाठी यूसारखे दुसरे झाड नव्हते.

कंब्रियातील लेव्हन्स हॉलची बाग १६९४ पासून गिओम बोमाँ या फ्रेंच माळ्याने आखली. तिथे आजही शंभरावर कातरीव आकार उभे आहेत आणि त्यांतील कित्येक झाडे मूळ लागवडीतील आहेत. अठराव्या शतकात अभिरुची पालटली. अलेक्झांडर पोप या कवीने १७१३ मध्ये टोपिअरीची खिल्ली उडवणारा निबंध लिहिला, नैसर्गिक दिसणाऱ्या विस्तीर्ण बागांची लाट आली आणि अनेक जुन्या बागा नांगरल्या गेल्या. लेव्हन्स हॉलची बाग मात्र तशीच राखली गेली. वेल्समधील पोविस किल्ल्यावर वेगळेच घडले. तिथले लहान, रेखीव यू बराच काळ मोकळे वाढू दिले गेले आणि नंतर पुन्हा कात्रीखाली आले. त्यातून ढगांसारखे फुगीर, अजस्र आकार तयार झाले. एवढ्या खंडानंतरही ती झाडे छाटणीला पूर्वीसारखाच प्रतिसाद देत होती.

विसाव्या शतकात यूच्या कुंपणाला नवी भूमिका मिळाली. लॉरेन्स जॉन्स्टन यांनी हिडकोट येथे आणि व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट व हॅरल्ड निकल्सन या दांपत्याने १९३० नंतर सिसिंगहर्स्ट येथे उंच यू लावून मोठ्या बागेचे अनेक दालनांत विभाजन केले. एका दालनातून दुसरे दिसत नाही. गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा जांभळी फुले उठून दिसतात. आजच्या असंख्य छोट्या घरगुती बागांत आडोशासाठी यू लावला जातो, त्यामागे या दोन बागांची शिकवण आहे. अलीकडे बॉक्स या बुटक्या कुंपणझुडपावर बुरशी आणि पतंगाच्या अळ्या यांनी हल्ला चढवल्यापासून अनेक ऐतिहासिक बागांत त्याच्या जागीही यू लावला जात आहे.

आडोसा आणि शेजारधर्म

घराभोवती आडोसा हवा असणाऱ्यांना घाई असते, आणि घाईत झाडाची निवड चुकते. १८८८ मध्ये वेल्समधील लेटन हॉल येथे दोन सायप्रस जातींचा संकर आपोआप झाला. त्यातून लेलँड सायप्रस हे झाड मिळाले. ते वर्षाला जवळजवळ एक मीटर वाढते, म्हणून ब्रिटनच्या उपनगरांत लाखोंनी लावले गेले. पण ते दोन मीटरवर थांबत नाही, जुन्या लाकडातून फुटत नाही आणि वेळेवर छाटले नाही तर शेजाऱ्याचा उजेड खाऊन टाकते. भांडणे इतकी वाढली की २००३ च्या समाजविघातक वर्तन कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र विभाग घालावा लागला. २००५ पासून इंग्लंडमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणामुळे त्रास होत असेल, तर शेजाऱ्याला स्थानिक परिषदेकडे दाद मागता येते.

यू सुरुवातीला सावकाश वाढतो, पण हवी ती उंची गाठल्यावर वर्षातून एका छाटणीत तो तिथे राहतो. सुरुवातीच्या काही वर्षांचा धीर धरला, तर पुढची कित्येक दशके त्रास वाचतो.

अमेरिकेच्या कडाक्याच्या हिवाळ्यासाठी वेगळा वाण उपयोगी ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधील वेल्झली येथे टी. डी. हॅटफील्ड या बागतज्ज्ञाने इंग्लिश यू आणि थंडी सोसणारा जपानी यू यांचा संकर केला. अशाच संकरातील ‘हिक्सी’ हा उभट, सडपातळ वाण आज अरुंद जागेतील आडोशासाठी सर्रास लावला जातो. आयर्लंडचा ‘आयरिश यू’ असाच उभट. अठराव्या शतकात फर्मॅना परगण्याच्या डोंगरात सापडलेल्या एका मादी रोपापासून छाट कलमांनी त्याचा प्रसार जगभर झाला. त्याचे मूळ झाड फ्लॉरेन्स कोर्ट येथे अजून उभे आहे.

लागवड कशी करतात

यूला थंड हवामान लागते. महाराष्ट्राच्या उष्ण प्रदेशात त्याचे कुंपण होणार नाही. समशीतोष्ण देशांत मात्र तो चुनखडीच्या जमिनीपासून किंचित आम्ल जमिनीपर्यंत, उन्हात आणि सावलीत सगळीकडे वाढतो. त्याची अट एकच, पाणी साचता कामा नये. मुळाशी पाणी राहिले की फायटोफ्थोरा नावाची मूळकूज लागते आणि उभे कुंपण मधूनमधून वाळते. जमीन जड असेल तर आधी निचरा सुधारावा किंवा उंच वरंब्यावर लागवड करावी.

लागवड शरद ऋतूत किंवा वसंताच्या तोंडावर करतात. ४५ ते ६० सेंटिमीटर उंचीची छोटी रोपे निवडावीत. मोठी रोपे महाग असतात आणि रुजायला वेळ घेतात, छोटी लवकर सावरतात आणि पुढे बरोबरी करतात. एका ओळीत दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवतात. पहिली दोन वर्षे कोरड्या दिवसांत पाणी द्यावे, बुडाशी आच्छादन घालावे आणि गवत वाढू देऊ नये. रुजल्यावर यू वर्षाला २० ते ३० सेंटिमीटर वाढतो. दीड मीटरचे दाट कुंपण व्हायला साधारण सात ते दहा वर्षे लागतात.

सुरुवातीच्या वर्षांत बाजूच्या फांद्या हलक्या हाताने छाटाव्यात, म्हणजे बगलफुटवे येऊन दाटी वाढते. मधला शेंडा मात्र हवी ती उंची गाठेपर्यंत कापू नये. पुढे वर्षातून एकदा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छाटणी पुरते. कुंपण बुडाशी रुंद आणि वर किंचित निमुळते ठेवावे, कारण त्यामुळे खालच्या पानांना उजेड मिळतो आणि बर्फाचा भारही वर साचत नाही.

जुने, फोफावलेले कुंपण पुन्हा आटोपशीर करायचे असेल, तर वसंताच्या सुरुवातीला एक बाजू खोडाजवळ छाटतात आणि खतपाणी देतात. ती फुटून सावरली की एक-दोन वर्षांनी दुसरी बाजू घेतात. दोन्ही बाजू एकदम छाटल्या तर झाडाला अन्न करायला पाने उरत नाहीत.

विषाची जाणीव हवी

यू लावणाऱ्याने एक गोष्ट कधीही विसरू नये. लाल कवचाचा गर सोडला तर या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. पाने, साल आणि बी यांत टॅक्सीन गटातील द्रव्ये असतात आणि ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतात. काही मुठी पाला खाऊन घोडा कोसळू शकतो, अनेकदा आधी कोणतेही लक्षण न दाखवता. पाला सुकल्यावरही विष जात नाही. म्हणून छाटणीचा पाला गुरे-घोड्यांच्या कुरणाकडे कधीच टाकू नये. अमेरिकेतील हरणे मात्र यूची पालवी आवडीने खातात, त्यामुळे तिथे कोवळ्या कुंपणाला जाळी लावावी लागते.

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरासमोरही यूची झुडपे असू शकतात. लहान मुले किंवा पाळीव कुत्री असतील तर झुडूप ओळखून ठेवावे आणि लाल फळे मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. बी चावले गेल्याची शंका आली तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. छाटणीच्या वेळी हातमोजे घालावेत.

साल की पाला

याच झाडातून वैद्यकशास्त्राला मोठे देणे मिळाले. त्या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे.

ऑगस्ट १९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कली यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू या जातीची साल गोळा केली. कर्करोगाविरुद्ध उपयोगी वनस्पती शोधण्याच्या मोहिमेतील हजारो नमुन्यांपैकी तो एक होता. नमुना नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. तिथे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी सालीतील परिणामकारक द्रव्य वेगळे केले. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून या संस्थेत रुजू झाले. द्रव्याला टॅक्सोल हे नाव मिळाले आणि त्याची गुंतागुंतीची रचना त्यांनी १९७१ मध्ये जगापुढे मांडली.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी त्याचे काम करण्याची रीत उलगडली. पेशी दुभंगताना आत सूक्ष्मनलिका तयार होतात आणि काम झाले की विरघळतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी औषधे या नलिका बनूच देत नाहीत. टॅक्सोल उलट वागते. ते बनलेल्या नलिका घट्ट धरून ठेवते, त्या विरघळत नाहीत आणि कर्कपेशीचे विभाजन अर्ध्यावर अडते. डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पुढे स्तनाच्या कर्करोगासाठीही.

पण पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहिला. द्रव्य सालीत अत्यल्प असते आणि साल सोलली की झाड मरते. एक किलो औषधासाठी सुमारे तीन हजार झाडांची साल लागेल, असा हिशेब मांडला जात होता. धनुष्याच्या काळी झाले तेच घडण्याची चिन्हे होती.

वाट दाखवली ती पानांनी. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाला इंग्लिश यूच्या पानांत टॅक्सोलशी जवळचे नाते असलेले एक द्रव्य मुबलक मिळाले. त्यावर प्रयोगशाळेत उरलेला भाग जोडून पोतिए यांनी डोसेटॅक्सेल हे नवे औषध घडवले, आणि फ्लोरिडाच्या रॉबर्ट होल्टन यांनी त्याच मूळ द्रव्यापासून टॅक्सोल बनवण्याची किफायतशीर रीत शोधली. पाने दरवर्षी नवी येतात. त्यामुळे कुंपणाचा कोवळा, त्याच वर्षीचा पाला औषधाचा कच्चा माल ठरला. पुढे यूच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवूनही टॅक्सोल तयार होऊ लागले.

हिमालयातला भाऊबंद

भारतातही यू आहे. काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत, साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवरच्या ओलसर जंगलांत तो सावलीत वाढतो. उत्तराखंडात त्याला थुनेर म्हणतात. त्याच्या सालीचा चहा डोंगरातील लोक पिढ्यान् पिढ्या करत आले. १९९० च्या दशकात टॅक्सोलची मागणी वाढली आणि थुनेरची साल व पाने बेसुमार काढली गेली. १९९५ मध्ये ही जात वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली गेली आणि तिच्या परदेशी व्यापारावर नियंत्रण आले. आज ती धोक्यातील वनस्पतींत गणली जाते.

थुनेरचे बी उगवायला फार वेळ घेते, पण छाट कलमे रुजतात. अलमोड्याजवळ कोसी-कटारमल येथील गोविंद वल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्थेने त्यावर काम केले आहे. इंग्लंडच्या कुंपणांनी तीनशे वर्षांत जे सिद्ध केले ते हिमालयातही लागू पडते. कलमांपासून थुनेरच्या ओळी लावाव्यात, दरवर्षी फक्त कोवळे शेंडे छाटावेत आणि जंगलातील जुन्या झाडाच्या सालीला कुणी हात लावू नये. अशा लागवडीतून डोंगरातील गावांना नियमित उत्पन्न मिळू शकते आणि औषधाला कच्चा माल मिळत राहतो. त्यासाठी नवे तंत्र शोधण्याची गरज नाही. हवीत ती आज लावलेली रोपे, आणि ती मोठी होईपर्यंत दहा वर्षे त्यांची राखण करणारी माणसे.